‘ब्लेड २’ आणि बीभत्साचा न्याय



आजचा विषय जाहीर झाला त्या दिवशी आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात गाठून विचारले, “अहो, वसंत व्याख्यानमालेत पिशाचे कशाला?” आम्ही म्हणालो, “काका, पिशाचांवर नाही बोलायचे. पिशाचांविषयी शहाण्यांनी काय लिहिले त्यावर बोलायचे आहे.” त्यांचे समाधान झालेले दिसले नाही, पण आज ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत, तेव्हा आम्ही धीर करतो.

२००२ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेत ‘ब्लेड २’ नावाचा चित्रपट लागला. त्याचा नायक ब्लेड हा मूळचा चित्रकथेतला. मार्व्ह वुल्फमन आणि जीन कोलन या जोडीने १९७३ मध्ये त्याला जन्म दिला. तो पोटात असताना त्याच्या आईला रक्तपिशाच चावले, म्हणून तो अर्धा माणूस आणि अर्धा पिशाच. रक्ताची तहान त्यालाही आहे, पण ऊन त्याला बाधत नाही. आणि उरलेल्या पिशाचांचा निःपात करणे हे त्याचे व्रत. १९९८ च्या पहिल्या चित्रपटात वेस्ली स्नाइप्स या नटाने ही भूमिका केली, ती लोकांना आवडली, आणि मग रिवाजाप्रमाणे दुसरा भाग निघाला.

या दुसऱ्या भागात प्राग शहरी पिशाचांतूनच एक नवी जात निपजते. ती माणसांना खाते आणि पिशाचांनाही खाते. घाबरलेले पिशाच आपल्या जन्मवैऱ्याकडे, म्हणजे ब्लेडकडेच, मदत मागायला येतात. या नव्या जातीचे तोंड उघडते तेव्हा हनुवटी मधोमध दुभंगते आणि आतून जिभेसारखे काहीतरी बाहेर येते. आम्ही हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा डोळे मिटले, हे या व्यासपीठावर कबूल करायला हरकत नाही. दुसऱ्यांदा पाहताना मात्र उघडे ठेवले. टीकाकाराला ती मुभा नसते.

आता जाणत्यांचा निवाडा. तो एकमुखी नव्हता. परीक्षणांची गोळाबेरीज करणाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा अनुकूल परीक्षणे निम्म्याहून थोडीशीच जास्त भरली. रॉजर ईबर्ट या शिकागोच्या नामांकित समीक्षकाने पहिल्या भागाला चारपैकी तीन तारे दिले होते, दुसऱ्याला साडेतीन दिले. इतर कित्येकांनी मात्र कथा विस्कळीत, पात्रे पुठ्ठ्याची, रक्त मर्यादेबाहेर असे शेरे मारले. प्रेक्षकांनी या भांडणात फारसे लक्ष घातले नाही. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात साडेपंधरा कोटी मिळवले.

आम्हांला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. स्तुती करणारे आणि निंदा करणारे, दोघेही एकाच ठिकाणी बोट ठेवत होते. तो दुभंगणारा जबडा, ते चिरफाडीचे दृश्य, ती गटारातली झुंज. एकाला ते कल्पनेचे वैभव वाटले, दुसऱ्याला ओकारी आणणारे. असे होते तेव्हा भांडण चित्रपटाविषयी नसते. किळस हा कलेचा विषय होऊ शकतो की नाही, या जुन्या प्रश्नाचे ते भांडण असते.

आमच्या भरतमुनींनी बीभत्साला आठ रसांत मानाने बसवले आणि जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव सांगितला. पण त्याच मुनींनी युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, असेही बजावले. म्हणजे किळसेला घरात घेतले, पण ओसरीवर बसवले. हा मुनींचा गोंधळ नाही. किळस थोडी असली तर मन जागे करते, फार झाली तर मन मिटून घेते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आणि गंमत अशी की हे ‘ब्लेड २’च्या दिग्दर्शकालाही ठाऊक होते. गिलेर्मो देल तोरो हा मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराचा. त्याचा पहिला चित्रपट ‘क्रोनोस’ १९९३ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला, आणि तोही रक्तपिपासेचाच होता. एक म्हातारा, जुन्या वस्तूंचा व्यापारी, अजाणता या व्याधीत सापडतो. एका समारंभात स्वच्छतागृहाच्या पांढऱ्या फरशीवर रक्ताचा लहानसा डाग पडलेला त्याला दिसतो. तो सभ्य म्हातारा, चांगल्या पोषाखातला, खाली वाकून तो चाटतो. एवढेच. त्या डागाने आमच्या पोटात जे कालवले, ते ‘ब्लेड २’मधल्या पाटांनी कालवले नाही. ज्याला एका थेंबाची किंमत कळते त्याने घागरी ओताव्यात, ही आमची या चित्रपटाविरुद्धची पहिली तक्रार. दुसरी तक्रार मारामारीची. कित्येक ठिकाणी खरा नट बाजूला होतो आणि संगणकाने केलेली बाहुली उड्या मारते. बाहुलीला लागत नाही, म्हणून पाहणाऱ्यालाही लागत नाही. हा दोष त्या वेळच्या टीकाकारांनी दाखवला होता आणि तो आजही तसाच दिसतो.

पण निंदकांनी सगळ्या किळसेला एकाच तराजूत घातले, हे आम्हांला पटत नाही. त्या नव्या जातीतल्या एकाचे प्रेत फाडून पाहण्याचा जो प्रसंग आहे, तिथे आमची किळस हळूहळू कुतूहल होते. आत दिसते काय? हृदयाभोवती हाडाचे कवच. छातीत समोरून खुंटी मारून हे मरणार नाहीत, एवढे सांगण्यासाठी तो प्रसंग आहे, असे वरवर वाटते. आमच्या मते तो चित्रपटाचा कणा आहे. कारण या जातीचा मूळपुरुष नोमॅक हा पिशाचांच्या वृद्ध अधिपतीचाच मुलगा निघतो. बापाने निर्दोष वंशाच्या हव्यासापायी त्याच्यावर प्रयोग केला, तो फसला आणि पोर टाकून दिले. खलनायक म्हणून ज्याला आपण तासभर पाहिले, तो मुळात टाकलेला मुलगा आहे! ल्यूक गॉस या नटाने त्याचा चेहरा असा ठेवला आहे की जबडा मिटलेला असताना तो केवळ दुःखी दिसतो. रक्त किती सांडले याच्या मोजमापात ही बापलेकाची गोष्ट मागे पडली.

पुढे २०१८ मध्ये याच देल तोरोला ‘द शेप ऑफ वॉटर’साठी दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. ती गोष्टही एका अमानुष प्राण्याची आणि त्याच्यावर प्रयोग करणाऱ्या माणसांची. मानचिन्ह मिळाले की मागचे सारे थोर ठरवायचे, ही टीकाकारांची खोड आम्हांला मान्य नाही. ‘ब्लेड २’ त्याने थोर होत नाही. पण विक्षिप्त प्राण्यावर जीव जडवण्याची त्याची वृत्ती २००२ मध्येही पडद्यावर होती. ती पाहायला पारितोषिकाची वाट का पाहावी लागावी?

शेवटच्या झुंजीत नोमॅक आधी बापाला मारतो, मग बहिणीला चावतो. ब्लेडची तलवार त्याच्या छातीत शिरते. तेव्हा नोमॅक स्वतःच्या हाताने ती आत लोटतो. आणि ती बहीण, निसा, भावासारखी होण्यापूर्वी मरण मागते. ब्लेड तिला उचलून बाहेर आणतो. सूर्य वर येतो, आणि त्याच्या हातांत तिची राख होते. या प्रसंगात रक्ताचा एक थेंबही नाही.