संघ आपला, पण भाग कुणाचा?



फुटबॉलच्या संघावर जीव लावणाऱ्या माणसांनी आपापसांत पैसे जमवून त्या संघात भाग घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर कोणत्या रीतीने, या विषयावर आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. विषय ऐकून काही जण म्हणतील, "अहो, तिकीट काढतो, जर्सी विकत घेतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. आणखी काय करायचं?" पुण्याच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला मात्र या प्रश्नाचे हसू येत नाही. का, ते सांगतो.

मी रावेतचा राहणारा. आमच्याकडून देहूरोडच्या दिशेने निघाले आणि किवळे ओलांडले की मामुर्डी लागते. तेथे पुणे एफसी या संघाची मुलांसाठी अकादमी होती. हा संघ २००७ साली अशोक पिरामल समूहाने उभा केला. बालेवाडीच्या क्रीडानगरीत त्याचे सामने होत. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये हा संघ देशात दुसरा आला. पहिला आला तो गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. पुढे २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी हा दुसरा मोठा संघ आला. त्याच वर्षी कल्याणी समूहाने भारत एफसी काढला. डीएसके शिवाजियन्स होताच. म्हणजे एका वेळी एका शहरात चार संघ. आम्हांला वाटले, आता पुण्याचे कलकत्ता झाले!

झाले काय, ते ऐका. भारत एफसी एकच हंगाम खेळला. पुणे एफसी २०१५ मध्ये आटोपला. शिवाजियन्सनी २०१७ मध्ये आय-लीग सोडली. राहिला एफसी पुणे सिटी. २०१८ च्या मार्चमध्ये तो उपांत्य फेरीपर्यंत गेला, बंगळूरकडून हरला, आणि २०१९ साली तोही संपला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. त्या हैदराबाद संघाने २०२२ मध्ये गोव्यात केरळला हरवून विजेतेपद मिळविले. आणि २०२५ मध्ये त्याचेही बिऱ्हाड दिल्लीला हलले. पुण्याचे लोक २०१९ साली ज्या जागी होते, त्या जागी हैदराबादचे लोक सहा वर्षांनी आले, इतकेच.

उद्योगपतींना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी पदरचे पैसे घातले, आणि हा धंदा फायद्याचा नव्हे हे अनुभवाने जाणले. ज्याचे पैसे त्याने ते काढून घेतले, तर त्याला अडविणार कोण? अडविता आले असते ते फक्त दुसऱ्या भागधारकाला. आणि नारिंगी कपडे घालून बालेवाडीला जाणारी जी मंडळी होती, त्यांच्यापाशी ढोल होते, निशाणे होती. भाग मात्र एकही नव्हता.

आता आपण महाराष्ट्रातले लोक. आपल्याला हे कोडे नवे वाटावयाचे कारण नाही. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तो कशावर? शेतकऱ्याने घेतलेल्या भागांवर. त्याआधीही साखर कारखाने होतेच की. पण ऊस शेतकऱ्याचा आणि कारखाना दुसऱ्याचा, असा तो कारभार होता. फुटबॉलच्या संघाचे अगदी असेच आहे. संघ विकतो काय? जर्सीवरची जाहिरात, दूरचित्रवाणीचे हक्क, तिकिटे. ही सगळी साखर निघते ती प्रेक्षकांच्या गर्दीतून. मोकळ्या बाकांसमोर खेळणाऱ्या संघाच्या छातीवर आपले नाव छापावयाला कोण पैसे देईल? तेव्हा ऊस आपला. आपण तो दर रविवारी नेऊन घालतो, वजन करून घेत नाही, भाव विचारत नाही, आणि उलट फाटकावर तिकिटाचे पैसे मोजतो!

तुम्ही म्हणाल, वर्गणीची पद्धत आपल्याकडे आहेच. आहे. कोल्हापूरला जाऊन पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ: पेठेपेठेचे संघ, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की सबंध पेठ तेथे. त्यातला एखादा संघ उचलून कोणी हैदराबादला नेऊ म्हणेल, तर पेठेतली माणसे त्याला आधी चहा पाजतील आणि मग गाडीत बसवून देतील. नावातच पेठ आहे, ती कशी हलविणार? कोल्हापूरकरांची ही मिळकत मला फार मोलाची वाटते. पण वर्गणीत एक उणे आहे. वर्गणी दिली की आपण हात झटकतो. तिचा हिशेब मागता येत नाही असे नव्हे; मागणे बरे दिसत नाही, म्हणून मागितला जात नाही. भाग घेतलेल्या माणसाला अशी भीड पडत नाही. त्याला वर्षाकाठी ताळेबंद मिळतो, सभेची नोटीस मिळते, आणि हात वर करावयाचा हक्क मिळतो. देणगी आणि भाग यांत रकमेचा नव्हे, तर या हाताचा फरक आहे.

ज्यांनी हा हात वर केला, त्यांची एक हकीकत सांगतो. लंडनमध्ये विम्बल्डन नावाचा फुटबॉलचा जुना संघ होता. टेनिसचे विम्बल्डन तेच, पण ही मंडळी निराळी. मालकांना तो संघ सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवावयाचा होता, आणि २००२ च्या मेमध्ये तशी परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी काय करावे? रडावे? त्यांनी काही आठवड्यांत नवा संघ काढला, आपलाच, सभासदांच्या मालकीचा. खेळाडू निवडण्यासाठी सार्वजनिक माळावर चाचणी घेतली. कोणीही यावे आणि खेळून दाखवावे. सुरुवात अगदी तळाच्या लीगमध्ये झाली. नऊ हंगामांत पाच वेळा वर चढून २०११ मध्ये हा संघ फुटबॉल लीगमध्ये पोचला. २०२० साली तो आपल्या जुन्या मैदानाच्या शेजारी नवे मैदान बांधून घरी परतला. त्या बांधकामाला पैसे कमी पडले, तेव्हा पाठीराख्यांनी कर्जरोखे घेऊन पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. लक्षात घ्या, देणगी नव्हे, रोखे. परतफेडीची मुदत ठरवून.

जर्मनीत तर हा नियमच आहे. १९९८ पासून तेथे संघाची कंपनी करता येते; मात्र मतांपैकी निम्म्याहून एक मत अधिक सभासदांच्या मूळ मंडळाकडे राहिले पाहिजे. याला अपवाद थोडे. त्यांतले दोन आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला जवळचे वाटावेत. आपल्या चाकणला मोटारींचा कारखाना चालविणारी फोक्सवॅगन ही कंपनी वोल्फ्सबुर्गच्या संघाची मालक आहे. लेव्हरकुसेनचा संघ बायर या औषध कंपनीचा आहे. तो १९०४ साली निघाला तोच मुळी कामगारांनी कंपनीकडे अर्ज करून मागितला म्हणून, आणि १२० वर्षांनी, २०२४ मध्ये, एकही सामना न हरता जर्मनीचा विजेता झाला. म्हणजे मालक कंपनी असली की वाटोळेच होते, असे समजू नये. कंपनी त्या गावची असावी, आणि तिचा पाय गावातून निघू नये, एवढी अट.

जर्मनीतलीच ताजी गोष्ट हांबुर्गच्या सेंट पाउली संघाची. त्यांनी चक्क सहकारी संस्था काढली. एका भागासाठी ८५० युरो मोजावयाचे. २०२५ च्या वसंतापर्यंत २१ हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतले आणि २ कोटी ९० लाख युरोंच्या वर पैसा जमला. यात शहाणपण कोठे आहे, ते पाहा. या पैशाने त्यांनी गोल करणारा महागडा खेळाडू आणला नाही. मैदानातला मोठा हिस्सा विकत घेतला. खेळाडूचा गुडघा दुखावला की पैसा गेला. मैदान कोठे जात नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी भाग विकणारा दलाल ठरेन. २००८ साली इंग्लंडमधला एब्सफ्लीट हा छोटा संघ जगभरच्या हजारो लोकांनी प्रत्येकी ३५ पौंड भरून विकत घेतला. त्याच वर्षी वेम्बलीवर एक करंडकही मिळाला, मोठा गाजावाजा झाला. पुढल्या वर्षी वर्गणीचे नूतनीकरण करावयाची वेळ आली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोक गळाले, आणि २०१३ मध्ये तो संसार मोडला. हे लोक त्या गावचे नव्हते, मैदानाला त्यांचे पाय लागत नव्हते. वेल्समधल्या स्वान्सीच्या पाठीराख्यांकडे सुमारे २१ टक्के भाग होते. पण २०१६ साली इतर भागधारकांनी आपले भाग अमेरिकन मंडळींना विकले, तेव्हा आपल्याला विचारलेही नाही, अशी त्यांची तक्रार राहिली. तेव्हा नुसते भाग पुरत नाहीत. विक्रीच्या वेळी आपली संमती लागेल, असा करार आधी लिहून घ्यावा लागतो. पोर्ट्स्मथच्या लोकांनी तर २०१३ मध्ये बुडता संघ स्वतः वाचविला आणि चार वर्षांनी स्वतःच मत देऊन एका श्रीमंत अमेरिकनाला विकला, कारण जुन्या मैदानाच्या डागडुजीला लागणारा पैसा त्यांच्यापाशी नव्हता. काही जण याला हार म्हणतात. मी म्हणत नाही. ज्यांचे होते, त्यांनी ठरविले.

आपल्या देशात कलकत्त्याचे मोहन बागान १८८९ पासूनचे, सभासदांचे. २०२० साली एका उद्योगसमूहाबरोबर त्यांनी कंपनी केली, त्यात जुन्या क्लबकडे २० टक्के राहिले. संघाच्या नावाआधी दुसरीच अक्षरे लागली, तेव्हा पाठीराख्यांनी इतका धोशा लावला, की २०२३ मध्ये ती काढावी लागली. एका नावासाठी तीन वर्षे भांडावे लागले, हे खरे. पण भांडावयाला उभे राहण्यापुरती जागा त्यांना होती.

आता रावेतला परत येतो. आमच्या गावाची ओळख पूर्वी पवनेवरच्या बंधाऱ्याने होई. पिंपरी-चिंचवडचे पाणी तेथून उचलतात. आता उंच इमारतींनी होते. मुले तासाच्या भाड्याने टर्फवर खेळतात, आणि ते टर्फ ज्या मोकळ्या जागेवर असते, तेथे उद्या बारा मजले उभे राहतील, हे मुलांनाही ठाऊक असते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या चौदा-पंधरा मुलांचा संघ आम्ही पालकांनी उभा केला. वर्गणी काढली. चेंडू, जाळी, जर्सी, शिक्षकाचे मानधन, सारे आम्ही दिले. संघाची नोंद मात्र धावपळ करणाऱ्या एका गृहस्थांच्या नावावर झाली. कारण धावपळ करावयाला दुसऱ्या कोणाला सवड नव्हती. दोन वर्षांनी त्या गृहस्थांनी संघाचे नाव आणि नोंद दुसरीकडे नेली, दुसरी मुले घेतली, आणि आमची पोरे हंगामाच्या तोंडावर उघडी पडली. मी त्यांना विचारावयास गेलो. ते म्हणाले, "काका, तुम्ही वर्गणी दिलीत, पावती आहे माझ्याकडे. संघ तुमचा आहे, असं कुठं लिहिलंय?" काय उत्तर देणार? कोठेच लिहिलेले नव्हते. बालेवाडीला जे कोटींत झाले, ते आमच्याकडे काही हजारांत झाले.

गंमत अशी, की आम्ही सगळे सहकारी गृहनिर्माण संस्थांचे सभासद. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च पाच हजारांनी वाढला, तर वार्षिक सभेत दोन तास भांडतो. सिंकिंग फंड म्हणजे काय, ते घरातल्या आजीलाही ठाऊक आहे. एका सभासदाला एकच मत, मग त्याचे भाग कितीही असोत, हा १९६० च्या सहकारी कायद्याचा नियम आम्ही रोज वापरतो. आणि पोरांच्या संघासाठी मात्र पैसे कोणाच्या तरी हातावर ठेवून घरी आलो!

लहान संघाला सहकारी संस्थाही लागत नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. आपल्याकडे तिची धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. अशा संस्थेचा नफा सभासदांना वाटता येत नाही, आणि उद्या ती बंद पडली तरी मालमत्ता सभासदांत वाटली जात नाही. पुढे जागा घ्यावयाची झाली, मोठी रक्कम उभी करावयाची झाली, तर भागांचा विचार करावा. घटनेत मात्र आरंभीच तीन गोष्टी लिहाव्यात: संघाचे नाव, नोंद आणि मैदानाचा करार संस्थेच्या नावावर राहील, यांतले काहीही दुसऱ्याला द्यावयाचे तर साऱ्या सभासदांची सभा बोलवावी लागेल, आणि हिशेब दर तिमाहीला सर्वांना मिळेल.

आमच्या शेजाऱ्यांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "परतावा किती टक्के?" मी सांगितले, शून्य. "मग याला गुंतवणूक का म्हणायचं?" मी म्हटले, तुम्ही घराला रंग देता, त्याचे व्याज येते काय? ते काही बोलले नाहीत, पण कागद मात्र वाचावयाला घेऊन गेले.

सात सह्या लागतात. काल रात्रीपर्यंत पाच झाल्या होत्या. सहावे गृहस्थ घरी विचारून सांगतो म्हणाले आहेत.