गटाच्या वहीत मुलीचं नाव

 

आम्ही चिमूरला बारावीत शिकणाऱ्या पाच मुली. पाच वेगवेगळ्या गावांच्या. सकाळच्या एसटीनं येतो, संध्याकाळच्या एसटीनं परत जातो. आजचं हे बोलणं आम्ही पाचजणींनी मिळून लिहिलं आहे, वाचणारी एक आहे. म्हणून "आम्ही" म्हणतो.

झालं असं, की आमच्या बाईंनी वर्गात तीन शब्द फळ्यावर लिहिले. पुस्तक, संगीत आणि न्याय. म्हणाल्या, यावर प्रत्येकीनं एक पान लिहून आणा, पण आपल्या गावातलं लिहा. आम्हाला वाटलं, या तिघांचा एकमेकांशी काय संबंध? पुस्तक शाळेत, संगीत देवळात नाहीतर मोबाइलवर, आणि न्याय कोर्टात. मग आम्ही घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला लागलो, ग्रंथालयातली पुस्तकं चाळली, आणि आमच्या चिमूरचीच गोष्ट समोर आली.

तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, दरवर्षी १६ ऑगस्टला चिमूरला शहिदांना वंदन करतात. १९४२ साली त्या दिवशी नागपंचमी होती. गावात मिरवणूक निघाली, गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा मुलगा गोळी लागून गेला. तो आमच्याहून फार मोठा नव्हता. लोक चिडले आणि त्या दिवशी सरकारी अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. एवढी गोष्ट आम्ही लहानपणापासून भाषणांत ऐकत आलो.

पण त्यानंतरचे दिवस भाषणात फार येत नाहीत. दोन-तीन दिवसांत फौज आली. पुरुषांना धरून नेलं. घरांत राहिल्या बाया आणि लेकरं. मग घरं लुटली गेली, आणि बायांवर अत्याचार झाले. आमच्यातल्या एकीनं आपल्या आजीला विचारलं, तर आजी म्हणाली, "ते काही बोलायचं नसते बाई." आजीचा जन्मही तेव्हाचा नाही. तिला तिच्या सासूनं हेच सांगितलं होतं.

आम्हाला वाटायचं, त्या काळच्या बाया गप्प राहिल्या असतील. वाचल्यावर कळलं, की गप्प नव्हत्या राहिल्या. चिमूरच्या बायांनी अधिकाऱ्यांपुढे तक्रार केली. दादीबाई बेगडे या वडीलधाऱ्या बाईंचं नाव त्या हकिकतीत येतं. पुढे नागपूरहून काही स्त्रिया चिमूरला आल्या. त्या घरोघर बसल्या, बायांचं ऐकून घेतलं, कागदावर उतरवलं. विचार करा मायबहिणींनो, ऐंशी वर्षांपूर्वीचा काळ, गावावर फौजेची दहशत, घरातला माणूस तुरुंगात, आणि एक बाई अनोळखी बाईला आपल्यावर काय झालं ते सांगते. आज अशी गोष्ट सांगायला किती धाडस लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा किती लागलं असेल?

सरकारनं चौकशी करायला नकार दिला. वर्तमानपत्रांना हे छापायची बंदी होती. तेव्हा सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी यांनी उपोषण धरलं. मागणी हीच, की चिमूरच्या बायांच्या तक्रारींची चौकशी करा. ते चिमूरकडे पायी निघाले, तर त्यांना धरून परत सेवाग्रामला आणलं. उपोषण ६३ दिवस चाललं. त्या बातमीवरही बंदी आली, म्हणून निषेध म्हणून जानेवारी १९४३ मध्ये देशातल्या वर्तमानपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. शेवटी १२ जानेवारीला तडजोड झाली, बातम्यांवरची बंदी उठली. जाहीर चौकशी मात्र झाली नाही. आणि ज्या चिमूर-आष्टीच्या लोकांना फाशीची शिक्षा झाली होती, त्यांच्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे झटल्या. १९४५ मध्ये उरलेल्या कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली.

म्हणजे न्याय अर्धाच मिळाला. आम्ही यावर खूप बोललो. आमच्यातली एक म्हणाली, "चौकशीच झाली नाही, तर मग बायांनी सांगून काय उपयोग झाला?" दुसरी म्हणाली, "सांगितलं आणि लिहिलं गेलं, म्हणून तर आज तू आणि मी वाचतो आहोत. नाहीतर असं काही झालंच नाही, असंच सगळे म्हणाले असते." आम्हाला हे पटलं. त्या बायांची नावं आज कुणी विचारू नयेत, त्यांची झाकली मूठ तशीच राहो. पण त्या बोलल्या होत्या, हे आमच्या वयाच्या मुलींना कुणीतरी सांगायला पाहिजे.

आता संगीताचं सांगतो. त्याच दिवसांत आपल्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं घुमत होती. आपल्या तालुक्यातलं गोंदोडा ही त्यांची तपोभूमी, तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथं जाऊन आल्या असतील. एक खंजिरी, हातात मावेल एवढी, आणि सोबत आवाज. ज्या गावात वर्तमानपत्र येत नव्हतं, जिथं वाचणारा एखादाच होता, तिथं भजन पोहोचायचं. ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारनं महाराजांना अटक केली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. ज्यांच्या हातात फक्त खंजिरी होती, त्यांना सरकार का भ्यालं असेल? कारण ऐकलेलं भजन माणूस घरी घेऊन जातो. रोवणी करताना म्हणतो, निंदण करताना म्हणतो. ते जप्त करता येत नाही.

पुढे १९५५ च्या सुमारास महाराजांनी ग्रामगीता लिहिली. ४१ अध्याय, सगळे ओव्यांमध्ये. त्यातला एक अख्खा अध्याय महिलांच्या उन्नतीवर आहे. आमच्या गावांत ग्रामगीता बहुतेक घरी असते, लाल कपड्यात बांधून देवाजवळ ठेवलेली. आम्ही ती खाली काढून तो अध्याय वाचला. तुम्हीही एकदा गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐका. ओवी आहे, कानाला लगेच कळते.

आणि ओवी म्हटलं की जातं आलंच. आमच्या पणज्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण पहाटे दळताना त्यांनी ओव्या रचल्या. त्यात सासर, माहेर, भाऊ, पाऊस, दुःख सगळं असायचं. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी सोबत्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. जिनं म्हटली तिचं नाव आणि तिचं गाव ओवीसोबत लिहून ठेवलं. आम्हाला ही गोष्ट फार आवडली. आजवर "बायका म्हणतात ते गाणं" एवढंच म्हणायचे. आता त्या ओवीपुढे बाईचं नाव आहे.

आमच्या स्वतःच्या गावचीही एक गोष्ट सांगतो. आमच्यातली एक छान खंजिरी वाजवते. मोबाइलवर पाहून शिकली. आता कितीतरी गावांत महिला भजन मंडळं खंजिरी वाजवतात, स्पर्धा जिंकतात. पण तिच्या गावातल्या मंडळात तिला म्हटलं, तू टाळ धर, खंजिरी पोरं वाजवतील. ती वर्षभर टाळ वाजवत बसली. मग एका सप्ताहात वाजवणारा मुलगा आला नाही, तेव्हा तिच्या हातात खंजिरी दिली. त्या दिवसापासून तीच वाजवते. आम्ही तिला चिडवतो, की तुझं नशीब म्हणून तो आजारी पडला. पण ती म्हणते, "मला आधी विचारलं असतं तर त्याला आजारी पडायची गरजच नव्हती."

आता ज्या गोष्टीसाठी आज रेडिओवर आलो, ती सांगतो. सांगताना थोडी भीती वाटते, कारण ऐकणाऱ्यांत आमच्या आयाही आहेत.

आमच्यातल्या एकीला दहावीला तिच्या भावापेक्षा जास्त टक्के मिळाले होते. भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या नागपूरच्या क्लासेससाठी आईनं बचत गटातून कर्ज घेतलं. आई दर महिन्याला मजुरीतून हप्ता फेडते, एकही चुकवला नाही. आता मुलगी बारावीला आहे. एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच चालतो. पुढे शिकायचं तर चंद्रपूरला नाहीतर नागपूरला राहावं लागेल. तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, "आधीचंच फिटलं नाही बाई, तुझ्यासाठी कोणत्या तोंडानं मागू?" आई वाईट नाही. आईनं स्वतः सातवीत शाळा सोडली आणि मुलीला बारावीपर्यंत आणलं. पण मुलासाठी मागताना तिला लाज वाटली नव्हती, मुलीसाठी मागताना वाटते.

मग आम्ही पाचजणींनी आपापल्या आईला गटाची वही दाखवायला सांगितली. कर्जाचं कारण ज्या रकान्यात लिहितात तो वाचला. बी-बियाणं, खत, दवाखाना, लग्न, घराचे टिन, शेळी, आणि शिक्षण. शिक्षणापुढे कुणाचं शिक्षण ते लिहिलेलं नव्हतं. आयांना विचारत विचारत आम्हीच हिशेब लावला. आमच्या पाच गटांत शिक्षणासाठी घेतलेली बहुतेक कर्जं मुलांसाठी होती. आमच्या आयाही बघत राहिल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं, हे तर आम्ही कधी मोजलंच नाही." कुणी ठरवून अन्याय केला नव्हता. बाराही जणींच्या सह्या असलेल्या वहीत तो आपोआप झाला होता.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, पुढच्या मासिक बैठकीत वही उघडा आणि शिक्षणाच्या कर्जापुढे मुलगा की मुलगी ते लिहा. मागच्या तीन वर्षांचं मोजा. रागावू नका, भांडू नका, आधी फक्त मोजा. मग वाटलं तर ठराव घ्या, की मुलीच्या शिक्षणाच्या मागणीला आपला गट आधी नंबर देईल.

दुसरी, पैशाची भीती वाटत असेल तर आधी चौकशी करा. २०२४ पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या अनेक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. राहणं, जेवण, प्रवास याचा खर्च राहतोच, पण तो मोजून मागता येतो. कोणती कागदपत्रं लागतात ते कॉलेजात जाऊन विचारा, उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढा. गटातल्या शिकलेल्या सुनेला सोबत न्या.

तिसरी, आम्हाला संध्याकाळी एक तास द्या. भाऊ अभ्यासाला बसला की घरात टीव्ही बंद होतो. आम्ही बसलो की चूल पेटवायची वेळ होते. चूल पेटवायला आमची ना नाही, आम्ही आजही पेटवून आलो. पण आठवड्यातून तीन दिवस ती भावानं पेटवली तर भाकरी काही कच्ची राहत नाही.

ज्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली, तिच्या आईनं काल आमचं हे लिखाण ऐकलं. ऐकून काही बोलली नाही. भांडी घासत राहिली. रात्री झोपताना विचारलं, "बैठक कोणत्या तारखेला आहे गं?" पुढचं आम्हाला अजून माहीत नाही. गट हो म्हणेल की नाही, तेही माहीत नाही.

बैठकीचा दिवस जवळच आहे. तुमच्याही गटाची बैठक याच महिन्यात असेल. वही काढा, चष्मा लावा, आणि तो रकाना वाचा.

एवढं बोलून आम्ही थांबतो. सकाळची एसटी लवकर आहे.