शेवटच्या चालींचे मोल

इंदूरच्या राजवाड्याला लागूनच सराफा आहे. रात्री तेथे खवय्यांची झुंबड उडते हे सर्वश्रुत आहे. परंतु दिवसा तो बाजार सोन्याचांदीचाच असतो. ग्रॅमची मापे येण्यापूर्वी तेथील ताजव्यात तोळा, मासा आणि गुंज यांचे राज्य होते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे एका तोळ्यात शहाण्णव गुंजा. तोळ्यांचा हिशेब कोणासही जमतो. सराफाचे कसब गुंजेपाशी लागते. मोठे वजन एका पारड्यात पडून गेल्यावर काटा स्थिर होईना, म्हणजे मग चिमट्यात धरून एकेक गुंज घालावी वा काढावी लागते आणि सौद्याचा नफा-तोटा बहुधा तेथेच ठरतो.

पूर्वेकडील देशांत एक बैठा खेळ आहे, ज्याचा उत्तरार्ध नेमका अशा गुंजांच्या तोलाचा असतो. चीनमध्ये त्याला वेइची म्हणतात, कोरियात बादुक आणि जपानात इगो. जगभर तो 'गो' या नावाने ओळखला जातो. एकोणीस आडव्या व एकोणीस उभ्या रेघांचा पट, त्यांच्या छेदांची तीनशे एकसष्ट ठिकाणे, एकाजवळ काळे खडे, दुसऱ्याजवळ पांढरे. पाळीपाळीने एकेक खडा छेदबिंदूवर ठेवावयाचा. एकदा ठेवलेला खडा हलवावयाचा नाही. शत्रूचे खडे चोहोंकडून कोंडले तर ते उचलता येतात. परंतु खेळाचे साध्य मारामारी हे नव्हे, तर मुलूख हे आहे. आपल्या खड्यांनी वेढलेली रिकामी ठिकाणे हा आपला मुलूख, आणि ज्याचा मुलूख अधिक तो विजयी. राजा नाही, वजीर नाही, मात नाही. अखेर शिरगणती होते ती जमिनीची.

आपल्याकडील बुद्धिबळाच्या शेवटाशी याची तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. बुद्धिबळाच्या शेवटी पट ओस पडतो. गोच्या शेवटी तो गजबजलेला असतो. तथापि शेवटच्या चालीचे मोल जागेवरून ठरते, ही जाण आपल्या जुन्या देशी डावातही होती. त्यात प्यादे सामान्यतः एकेक घरच चाले, आणि शेवटच्या ओळीत पोहोचल्यावर वाटेल ते मोहरे होत नसे. ज्या उभ्या पट्टीत ते पोहोचले, त्या पट्टीच्या मूळ मालकाचे रूप त्यास मिळे. हत्तीच्या घरात गेलेले प्यादे हत्ती होई, घोड्याच्या घरात गेलेले घोडा. वजिराच्या घरातले वजीर होई. साहजिकच सर्व प्यादी सारख्या किमतीची नसत. कडेचे प्यादे आणि त्याच्या शेजारचे प्यादे दिसावयास जुळे भाऊ. परंतु एकाच्या पोटात हत्ती दडलेला आणि दुसऱ्याच्या पोटात घोडा. कोणते पुढे रेटावे हे ठरविताना देशी खेळाडूला जो हिशेब करावा लागे, तो आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळणाऱ्यास करावा लागत नाही. अशा देशी पटावर बापाजवळ डाव शिकलेला पंजाबचा मीर सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटनचा विजेता झाला आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकास हरविले. देशी नियमांचा तो हिशेब मात्र आता बहुतेक घरांतून गेला आहे.

गोकडे वळू. मधला संग्राम संपला, कोणाचा मुलूख कोठे हे ढोबळपणे ठरले, तरी सीमा अजून कच्च्या असतात. या सीमा पक्क्या करण्याच्या टप्प्यास जपानी भाषेत 'योसे' म्हणतात. नवशिक्यास वाटते, आता काय उरले? वस्तुतः पटावर दहा-पंधरा गुणांचे परिवर्तन अद्याप शिल्लक असते, आणि समबळ खेळाडूंचा डाव पुष्कळदा एका-दोन गुणांनी जातो.

पहिली चूक होते ती मोल मोजण्यातच. समजा, एका सीमेवर काळ्याने प्रथम खडा ठेवला तर त्याचा मुलूख तीन गुणांनी वाढतो, आणि तेथेच पांढऱ्याने प्रथम ठेवला तर पांढऱ्याचा तीन गुणांनी वाढतो. त्या जागेचे मोल किती? नवशिका सांगेल, तीन. बरोबर उत्तर सहा आहे. कारण काळ्याने जागा घेतली म्हणजे त्याने तीन मिळविले आणि प्रतिपक्षाचे तीन होऊ दिले नाहीत. दोन्ही शक्यतांमधील अंतर हे जागेचे खरे मोल. दोन भाऊ बांधावरून भांडतात तेव्हा हात सरकलेल्या बांधाने अंतर दोन हात पडते, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. पटावर बसलेला सुशिक्षित मात्र ते हमखास विसरतो.

परंतु मोल कळले म्हणजे क्रम कळला असे नव्हे. येथे दोन जपानी शब्द अपरिहार्य आहेत. जिला उत्तर देणे प्रतिपक्षास भाग पडते, आणि म्हणून जी खेळूनही पाळी आपलीच राहते, ती चाल 'सेन्ते'. जी खेळल्यावर पाळी प्रतिपक्षाकडे जाते ती 'गोते'. मराठीत गोता खाणे म्हणजे फसगत होणे. हा निव्वळ योगायोग असला तरी लक्षात ठेवावयास सोयीचा आहे.

उदाहरण घेऊ. पटावर दोनच जागा उरल्या आहेत आणि पाळी काळ्याची आहे. पहिली जागा वर सांगितलेली, सहा गुणांची गोते. दुसरी दोन गुणांची. पण काळ्याने तेथे खडा ठेवला तर मागोमाग पांढऱ्याच्या मुलुखात शिरून आणखी दहा गुण उद्ध्वस्त करण्याची धमकी उभी राहते. अधाशी खेळाडू सहाकडे धावतो. मग पांढरा शांतपणे दुसऱ्या जागी खडा ठेवतो आणि दोन गुण वाचवितो. जाणता खेळाडू आधी दोन गुणांची जागा खेळतो. पांढऱ्यास दहा गुणांच्या भयाने उत्तर द्यावे लागते. पाळी पुन्हा काळ्याची, आणि सहा गुणांची जागा जेथल्या तेथे. पहिल्याने एक घेतले, दुसऱ्याने दोन्ही घेतली.

आता यातील बारकावा. धमकी दहाऐवजी चारच गुणांची असती तर? पांढऱ्याने तिला उत्तर न देता सहा गुणांची जागा स्वतः पटकाविली असती आणि चार गुणांचे नुकसान सोसले असते. त्यात त्याचा लाभच होता. म्हणजे चाल सेन्ते आहे की नाही हे त्या चालीच्या अंगी नसते. पटावर अन्यत्र काय उरले आहे यावर ते अवलंबून असते. डावाच्या मध्यास जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तीच चाल मोठी ठिकाणे संपल्यावर हुकूम होऊन बसते.

आणि जेव्हा पांढरा काळ्याची सेन्ते आधीच हिरावून घेतो, त्या 'उलट सेन्ते'चे काय? तेथे अंतर दोनच गुणांचे; पण ती चार गुणांच्या गोतेच्या तोडीची मानतात. हे दुपटीचे कोडे पुष्कळांस छळते. सहा गुणांच्या गोतेत दोघांपैकी कोणीही प्रथम जाऊ शकतो. म्हणून ती जागा तूर्त मध्यावर धरावी, आणि एका खड्याने कोणीही तेथून तीन गुणच पुढे सरकतो. सेन्तेचे तसे नाही. ती काळ्याची मिळकत म्हणून आधीच हिशेबात धरलेली असते. पांढऱ्याने ती मोडली तर त्याच्या एका खड्याने पूर्ण दोन गुणांचा फरक पडतो. एका खड्यामागे दोन गुण, म्हणजेच चार गुणांच्या गोतेइतके. तोलावयाचे ते एका खड्यामागचे वजन, हे ध्यानी आले की कोडे सुटते. जी जागा दोघांसही सेन्ते, तिच्यापुढे मात्र हिशेबच नको. जो प्रथम पाहील त्याने तत्काळ घ्यावी.

मग सर्व सेन्ते चाली आधीच खेळून मोकळे का होऊ नये? कारण गोमध्ये 'को' नावाचा एक प्रसंग येतो. एकच खडा आलटून पालटून मारण्याची स्थिती उद्भवली, तर लगेच उलट मारण्यास मनाई असते. मध्ये अन्यत्र एक चाल करावी लागते. ती चाल उत्तर भाग पाडणारी असेल तरच तिचा उपयोग. म्हणून धमक्यांचा साठा जपावा लागतो. लवकर खर्चिली तर को हरतो, फार जपली तर प्रतिपक्ष ती हिरावून नेतो. या ठिकाणी गणित थांबते आणि पारख सुरू होते.

राजवाड्याच्या इतिहासात मुलुखाच्या अशा शेवटाचा एक प्रसंग आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. गादीवर अल्पवयीन मल्हारराव होते, तुळसाबाईंची लढाईच्या तोंडावरच हत्या झालेली होती. संग्राम हरला होता. सीमा तेवढ्या ठरावयाच्या होत्या. सोळा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोर येथे तह झाला. इंग्रजांच्या बाजूने सर जॉन माल्कम, होळकरांच्या बाजूने विठ्ठल महादेव किबे, म्हणजे तात्या जोग. सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरील हक्क गेले, टोंकचे अमीरखान आणि जावऱ्याचे गफूरखान वेगळे झाले. राजपुतान्यातील खंडणीचे हक्क कागदावर भारी होते. पण फौज मोडल्यावर ती वसूल कोण करणार? पटाच्या भाषेत बोलावयाचे तर तो पक्का न झालेला मुलूख होता. उरलेला माळवा-निमाडचा तुकडा लहान, परंतु पक्का. त्याच वर्षी इंदूर ही राजधानी झाली आणि तात्या जोग दिवाण म्हणून उरलेल्या मुलुखाच्या वसुलीची घडी बसवीत राहिले. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या स्वारीत होरपळलेला राजवाडा पुढे पुन्हा उभा राहिला तो याच उरलेल्या राज्याच्या उत्पन्नावर, आणि ते राज्य १९४८ पर्यंत टिकले. अर्थात इतिहासास पटावर बसविण्याचा मोह आवरता घ्यावा हे बरे. तात्यांसमोरील खेळाडूजवळ खड्यांखेरीज तोफाही होत्या.

गोच्या या उत्तरार्धाने गणितज्ञांसही वेड लावले. केंब्रिजमध्ये जॉन कॉन्वे गोचे डाव पाहत असत. शेवटी शेवटी मोठा पट अनेक लहान, परस्परांशी संबंध नसलेल्या डावांत फुटतो आणि संपूर्ण डाव ही त्या तुकड्यांची बेरीज असते, असे त्यांच्या ध्यानात आले. १९७६ च्या त्यांच्या ग्रंथातील संख्यांची एक नवीच सृष्टी या निरीक्षणातून निघाली. एल्विन बर्लेकँप आणि डेव्हिड वुल्फ यांनी १९९४ मध्ये हीच पद्धत गोच्या अखेरच्या चालींना लावून स्वतंत्र पुस्तक लिहिले. एका गुणाच्याही आतील सूक्ष्म भेद मोजून शेवटचा गुण कोणास मिळेल हे त्यात सांगता येते. सराफाच्या भाषेत, गुंजेचेही तुकडे.

खेळाडूंत या कलेचे नाव घ्यावयाचे तर कोरियाच्या ली चांगहो यांचे घ्यावे लागेल. १९७५ चा जन्म, १९९२ मध्ये जागतिक विजेतेपद. चेहऱ्यावर सुरकुती हलत नसे, म्हणून लोक त्यांना 'पाषाणबुद्ध' म्हणत. चमकदार हल्ला टाळून ते साधी चाल खेळत आणि अर्ध्या गुणाने जिंकत. प्रेक्षकांस ते रुक्ष वाटे, प्रतिस्पर्ध्यांस भयंकर.

त्या रुक्षपणाचा अर्थ यंत्राने उलगडला. मार्च २०१६ मध्ये सेऊल येथे अल्फागो या संगणक-प्रणालीने ली सेडॉल यांस चार विरुद्ध एक असे हरविले. शेवटच्या टप्प्यात ती उघड-उघड एखादा गुण सोडी, आणि भाष्यकार बुचकळ्यात पडत. यंत्र चुकत नव्हते. किती गुणांनी जिंकावयाचे हे त्याचे साध्यच नव्हते. जिंकण्याची शक्यता तेवढी ते जपत होते. दोन गुण सोडून डाव निर्धोक होत असेल तर ते सोडी. मे २०१७ मध्ये वूझेन येथे चीनचे अग्रगण्य खेळाडू के जिए यांच्याविरुद्धचा पहिला डाव त्याने अवघ्या अर्ध्या गुणाने जिंकला. तो अटीतटीचा सामना होता असे आकड्यावरून कोणी समजेल. प्रत्यक्षात यंत्राने आघाडीतील शिल्लक तेवढी उधळली होती. तेव्हा प्रत्येक जागेचे मोल बिनचूक काढणे हे एक, आणि डावास त्यातील किती हवे आहे हे जाणणे दुसरे. पहिले शिकविता येते. दुसरे माणसाने कसे शिकावे, यावर व्यावसायिकांतही एकमत नाही. मागे असलेल्या खेळाडूस तर यंत्राचा हा धडा उपयोगीच नाही. त्याला गुंजन् गुंज वेचूनच काढावी लागते.

अर्धा गुण येतो कोठून, असा प्रश्न पडेल. काळ्यास पहिल्या खेळीचा लाभ असतो; त्याची भरपाई म्हणून पांढऱ्यास काही गुण आगाऊ दिले जातात. जपानात ते पूर्वी साडेपाच होते, या शतकाच्या आरंभी साडेसहा झाले. डाव बरोबरीत सुटू नये म्हणून तो अर्धा. मोलाची सर्व ठिकाणे संपली की ज्यांत कोणाचाच लाभ नाही अशी मधली ठिकाणे दोघे भरून टाकतात. मारलेले खडे ज्याचे त्याच्या मुलुखात परत ठेवतात, आणि मोजणे सोपे जावे म्हणून वेड्यावाकड्या सीमा सरकवून दहा-दहांचे चौकोन रचतात. काळ्याचा मुलूख पांढरा खेळाडू रचतो, पांढऱ्याचा काळा. आणि मग दोघे मिळून मोजतात.