वारा कुठून येतोय?



वैशाखी पौर्णिमा जवळ आली की आमच्या निपाणीच्या घरी दोन-चार तरुण पोरं हमखास येतात. "काका, यंदा दाजीपूरला मचाणावर बसायचंय, अर्ज भरलाय. नाव लागलं तर काय काय न्यायचं?" आणि मग तेच यादी वाचतात. दुर्बीण, कॅमेरा, विजेरी, पॉवर बँक, पाण्याच्या बाटल्या. मी सगळं ऐकून घेतो आणि एकच विचारतो, "तिथं वारा कुठून असतो रे?" पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

श्रोते हो, आज मला दिलेली सगळी मिनिटं मी या वाऱ्यावरच घालवणार आहे.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून जनावरांची नोंद करायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. मचाणं मोजकी, अर्ज पुष्कळ. नाव लागलं की माणूस हरखतो, आणि तिथंच तयारीला चुकतो. हे नुसतं इथलंच नाही. आमचा एक भाचा अमेरिकेत कोलोरॅडोत आहे. तिकडं एल्क नावाचं मोठं हरीण असतं, आपल्या सांबराच्या कुळातलं. त्याच्या शिकारीसाठी राज्याचे नंबर घातलेले विभाग पाडलेत. काही विभागांत परवाने अगदी ठरावीक, त्यांची सोडत निघते. नाव नाही लागलं तर एक गुण पदरात पडतो आणि पुढच्या वर्षी तो उपयोगी येतो. काही विभागांसाठी लोक दहा-दहा, वीस-वीस वर्षं गुण साठवत बसतात. भाच्याचं नाव एकदाचं लागलं तेव्हा त्यानं रात्री फोन केला. बंदूक कुठली, बूट कुठले, तंबू कुठला, सांगत सुटला. मी त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "मामा, इथला वाटाड्यापण सगळ्यात आधी हेच बोलला." तिथला डोंगर आणि आपला सह्याद्री यांच्यात सात समुद्र आहेत, पण डोंगरावरचा वारा दोन्हीकडं एकाच रीतीनं वागतो.

आता निपाणीकरांना कळेल असं सांगतो. तंबाखूच्या हंगामात बाहेरगावचा पाहुणा आपल्या गावात बसमधून उतरला की आधी शिंकतो. आपल्याला काहीच होत नाही. का? तर आपलं नाक त्या वासात मुरलेलं असतं. वखारीचं दार लावलेलं असलं तरी फटीतून खकाणा येतोच. वारा जिकडं वाहील तिकडच्या गल्लीत ठसका. त्या पाहुण्याला डोळे बांधून फिरवलं, तरी वखार कुठल्या अंगाला आहे ते तो बरोबर सांगेल. मंडळी, रानात आपण म्हणजे ती वखार, आणि गवा म्हणजे तो पाहुणा. आपला घाम, केसांचं तेल, डास पळवायचं मलम, खिशातली चुन्याची डबी, कपड्यांना लागलेला साबण, यातलं काहीच आपल्याला जाणवत नाही. त्याला सगळं कळतं. सकाळी अंघोळ केली म्हणून वास गेला असं समजू नका. वखार झाडून काढली म्हणून तंबाखूचा वास जातो का? दार बंद करणं आपल्या हातात नाही. फटीतून निघालेला खकाणा कुठल्या गल्लीत जाणार, एवढं मात्र आधी ओळखता येतं. वारा ओळखायचा तो यासाठी.

आता दाजीपूरचं बोलू. निपाणीहून मुरगूड, मुदाळ तिट्टा, राधानगरी करत देवगडच्या रस्त्यानं वर गेलं की हे रान लागतं. एके काळी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान, १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, आणि आता राधानगरी अभयारण्य म्हणून साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरलंय. आपल्या उसाला येणारं दूधगंगेचं पाणी त्याच अंगानं उतरतं. उन्हाळ्यात दुपारी सडे तापतात, तापलेली हवा उताराच्या अंगानं वर चढते, त्यात कोकणातून घाट चढून आलेला वारा मिसळतो. म्हणजे दिवसा वारा साधारण खालून वर. दिवस मावळला की सडा लवकर निवतो. गार हवा जड होते आणि ओढ्याच्या वाटेनं पाणी उतरावं तशी खाली उतरते. म्हणजे रात्री वरून खाली. दुपारी चार वाजता तुम्ही बघितलेला वारा रात्री आठला उलटा झालेला असतो. हे लक्षात ठेवा. पुन्हा सांगतो, कारण ऐकताना हेच निसटतं: दिवसाचा वारा वर, रात्रीचा वारा खाली, आणि मधे दिवेलागणीला तो कुठलाच नसतो, भोवऱ्यासारखा फिरत राहतो.

हे मला माझ्या चुकीनं कळलं. पहिल्या वर्षी मी दिवसाउजेडी वारा तोंडावर घेऊन बसलो आणि निर्धास्त झालो. संध्याकाळी मचाणावरून उतरून, ओढ्यात वरच्या अंगाला जाऊन हातपाय धुतले. चांदणं पडलं. नऊच्या सुमाराला गव्यांचा कळप खालच्या वाटेनं आला. पुढची गाय पाण्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर थांबली. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे तिचे पाय चांदण्यात स्पष्ट दिसत होते. तिनं नाक वर केलं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मग फुस्सकन एक मोठा श्वास सोडला, आणि काटक्या मोडल्याचा आवाज करत सगळा कळप झाडीत परत. त्यात एक लहानगं वासरूही होतं. वैशाखातली तहान घेऊन आलेलं ते वासरू माझ्या धुतलेल्या पायांमुळं पाणी न पिता गेलं. आपल्याला जनावर दिसलं नाही याचं दुःख फार करू नका. ते तहानलेलं परत गेलं, याची खंत बाळगा.

मचाण कुठलं मिळणार ते वनखातं ठरवतं, तिथं आपली निवड नाही. पण पोचल्यावर उजेड असतानाच चिखलातले ठसे बघायचे, पाण्याकडं येणाऱ्या जनावरांच्या वाटा ओळखायच्या, आणि त्या वाटांवर पाऊल ठेवायचं नाही. जे काही उतरणं-फिरणं असेल ते दिवस मावळायच्या आत उरकायचं, आणि तेही सोबतच्या वनरक्षकाला विचारून. एकदा वर बसलं की बसलं. आणि एक पुरचुंडी न्यायची. चुलीतली लाकडाची राख, वस्त्रगाळ केलेली, पातळ मलमलीच्या फडक्यात बांधलेली. बोटानं हळूच टिचकी मारली की राखेचा धूर होतो आणि वारा डोळ्यांना दिसतो. जुने शिकारी असंच करत.

शिकारीचं नाव काढलं म्हणून एवढं सांगतो. त्या काळी जंगलखात्याचे शिकारीचे ब्लॉक असत, ठरावीक दिवसांचा परवाना, ठरावीक जनावरं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातसुद्धा सुरुवातीला परवान्याची सोय होती, १९९१ च्या दुरुस्तीनं ती गेली. ती गेली हे चांगलंच झालं. पण बंदुकीबरोबर ती मंडळी वारा बघायची विद्याही घेऊन गेली, ती मला परत हवी आहे.

आणि ती नुसत्या हौशी लोकांसाठी नाही. खानापूर तालुक्यातल्या माझ्या भावा-बहिणींनो, आता हे तुमच्यासाठी. कणकुंबी, आमगाव, हेम्माडगा, तळेवाडी, भीमगडचं सगळं रान. तिथं अस्वल आहे. अस्वलाची नजर अधू, कानही बेताचे, नाक मात्र तिखट. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, आणि त्याचा फुरफुर आवाज कितीतरी लांब जातो. तोंड वारुळात, कानात स्वतःचाच आवाज. अशा वेळी वारा त्याच्याकडून तुमच्याकडं येत असेल, तर त्याला तुमचा पत्ताच नसतो. तुम्ही करवंदाच्या जाळीमागून एकदम पुढ्यात उभे राहता. ते घाबरतं आणि अंगावर येतं. त्यातून पाठीवर पिल्लं घेतलेली मादी असली, तर विचारूच नका.

बघा, मचाणावर जो वारा आपल्याला हवा, तोच पायवाटेवर घातकी. तोंडावर वारा लागत असेल तेव्हा मोठ्यानं बोलत चला, काठी दगडावर आपटत चला, एकटे जाऊ नका. जळणाला गेलात, जांभळं-फणसाला गेलात, पहाटे गुरं सोडायला गेलात, तरी आधी वारा. पाठीवर वारा असेल तर तुमचा वास पुढं जातो, अस्वल बहुधा आपणहून बाजूला होतं. तोंडावर असेल तर आवाज करा. आयाबायांनो, पोरांना शाळेच्या आडवाटेनं धाडताना एवढं एक शिकवा. गालाला गार कुठून लागतंय ते बघ, आणि समोरून लागत असेल तर मोठ्यानं गाणं म्हणत जा.

कुत्रं बरोबर न्यावं की नेऊ नये, हेही बोलायचं होतं, पण समोरच्या काचेतून वेळ संपल्याची खूण झाली आहे. तेव्हा एवढंच करा. आज दिवेलागणीला परसदारी चिमूटभर राख सोडून बघा कुठं जाते ते. आणि निजायच्या आधी त्याच जागी उभं राहून पुन्हा एकदा सोडा.