विसावा देणारे जू

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त प्रार्थनागृहात झालेल्या उपासनेत निवृत्त परिचारिका अधीक्षिकांनी केलेले भाषण)





संकटकाळात ख्रिस्ती श्रद्धेतून मिळणारी आशा आणि विसावा या विषयावर मी बोलावे, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. हा विषय ऐकून मला प्रथम संकोच वाटला. या रुग्णालयात चौतीस वर्षे सेवा केल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानी आली आहे. आशेविषयी सहज बोलणारा मनुष्य रुग्णाच्या खाटेशी फार वेळ थांबत नाही. म्हणून ज्या रात्री माझ्याजवळ आशाही नव्हती आणि विसावाही नव्हता, त्या रात्रीपासून मी आरंभ करते.

एप्रिल २०२१ मधील ती रात्र होती. आपला पुरुषांचा वॉर्ड तेव्हा कोविडचा वॉर्ड झाला होता. नातेवाइकांना आत येण्यास मनाई होती. वॉर्डाच्या जाळीच्या दाराशी एक बाई तीन दिवस बसून होती. तिचे यजमान आत प्राणवायूवर होते. पहाटे तीनच्या सुमारास मी सिलिंडर बदलण्याची व्यवस्था पाहून परतत असता तिने मला हाक मारली. भिंतीवरील क्रूसाकडे पाहत तिने विचारले, "सिस्टर, तुमचा देव झोपलाय का हो?" तिच्या स्वरात राग नव्हता. ती केवळ अतिशय थकलेली होती. मी उत्तर दिले नाही. "मी तुमच्या मालकांजवळ बसते," एवढेच म्हणाले. ते वचन मी पाळू शकले नाही. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एकाच वेळी दोन रुग्ण अत्यवस्थ झाले. मी परत आले तेव्हा उजाडत होते आणि ते गृहस्थ गेले होते.

बंधुभगिनींनो, तिचा प्रश्न नवा नाही. तो शुभवर्तमानातच आहे. मार्काच्या चौथ्या अध्यायात गालील समुद्रावर वादळ उठते, लाटा होडीत शिरतात आणि येशू मात्र मागच्या बाजूस उशीवर डोके टेकून झोपलेला असतो. शिष्य त्याला उठवतात आणि आम्ही बुडत आहोत याची तुला पर्वा नाही काय, असे सरळ विचारतात. तो उठतो व वादळ शांत करतो. बालपणापासून मी ही कथा शांत झालेल्या समुद्राची कथा म्हणून ऐकली होती. त्या वर्षी मला ती तशी वाचता येईना. ती होडी बुडाली नाही, हे खरे. पण आमच्या वॉर्डातील अनेक होड्या बुडाल्या, हेही तितकेच खरे होते.

त्यानंतर सुमारे चार महिने मला प्रार्थना करता आली नाही. ड्यूटी संपली की याच प्रार्थनागृहात, त्या शेवटच्या बाकावर, मी नुसती बसून राही. शब्द येत नसत. लाज मात्र वाटे. इतरांसाठी प्रार्थना करणारी मी स्वतः रिकामी झाले होते. त्या दिवसांत आपल्या वॉर्डातील एक मावशी रोज संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसे. चहाचा पेला माझ्या हाती देई, आपला पेला संपवी आणि उठून जाई. तिने कधी एक वचन म्हटले नाही की एक उपदेश केला नाही.

पुढे कधीतरी पहिल्या राजांच्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय वाचताना मला ती मावशी आठवली. संदेष्टा एलीया राणीच्या भयाने अरण्यात पळून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि आता पुरे, माझा प्राण घे, अशी देवाजवळ विनवणी करतो. अशा वेळी देव त्याला काय देतो? उपदेश करीत नाही, दोषही देत नाही. एलीया झोपी जातो. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो व पुन्हा जेवू घालतो, कारण पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, असे तो सांगतो. देवाचे बोलणे त्यानंतर, पर्वतावर, अगदी मंद स्वरात होते. थकलेल्या माणसाला आधी झोप, अन्न, पाणी आणि स्पर्श लागतो, हे परिचर्याशास्त्राचे पहिले पाठ आहेत. ते पवित्र शास्त्रात आहेत, हे मला इतक्या उशिरा दिसले.

श्रद्धा असली म्हणजे विसावा लगेच मिळतो, असा आपला एक समज असतो. तो किती अपुरा आहे, हे पाहण्यास आपल्याच महाराष्ट्रातील पंडिता रमाबाईंचे चरित्र पुरेसे आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील, आई व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत हे सारे घडले. पदरी तान्ही मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तथापि, रमाबाईंनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने सांगितले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. अंतःकरणाला हवी असलेली शांती त्यांना सुमारे आठ वर्षांनी लाभली. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या, जगभर सन्मानिल्या गेलेल्या त्या विदुषीस आठ वर्षे वाट पाहावी लागली. तेव्हा माझ्या चार महिन्यांची मला लाज वाटण्याचे कारण उरले नाही. आज येथे कोणी रिकाम्या मनाने बसले असेल, तर त्यांनीही लाज वाटून घेऊ नये.

आणि तो विसावा मिळाल्यावर रमाबाई स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या बालपणी जी उपासमार त्यांनी भोगली होती, तीच तेथील मुलींच्या चेहऱ्यांवर त्यांना दिसली. त्या मुलींना घेऊन त्या केडगावी आल्या आणि मुक्ती सदनाचे काम उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे जवळपास दोन हजार मुली व स्त्रिया होत्या. सामान्य स्त्रीला वाचता यावे म्हणून, हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे चालविले. त्याची छपाई मुक्तीतील स्त्रियांच्या हातून होत होती. १९२१ च्या जुलै महिन्यात, ज्या मनोरमेने आपल्यानंतर हे सर्व सांभाळावे अशी त्यांची अपेक्षा होती, तीच गेली. आधीच प्रकृतीने खचलेल्या मातेने भाषांतराचे काम सोडले नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९२४ साली तो संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला.

याला विसावा कसे म्हणावे? याचे उत्तर मला मत्तयाच्या अकराव्या अध्यायात सापडते. तेथे येशू कष्टी व भाराक्रांत जनांना आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देण्याचे अभिवचन देतो. आपण बहुधा तेथेच थांबतो. पण लगेच पुढे तो त्यांना आपले जू मानेवर घेण्यास सांगतो. थकलेल्याच्या मानेवर आणखी जू ठेवणे हा कसला विसावा, असे प्रथमदर्शनी वाटते.

मी शेतकऱ्याची मुलगी आहे. जू एका बैलासाठी नसते, ते दोघांचे असते. माझे वडील नवा खोंड कामाला लावताना त्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपत. ओढण्याचे बळ जाणत्याचे असे, खोंडाने केवळ पावलाशी पाऊल मिळवायचे. जू नीट बसणारे नसेल तर बैलाचा खांदा सोलतो, म्हणून ते घडविणाऱ्या सुताराला मोठा मान असे. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने नोंदविले आहे की, येशू सुतारकामात नांगर आणि जू घडवीत असे. आपले जू सोयीचे आहे असे तो सांगतो तेव्हा तो कारागीर म्हणून बोलत आहे, असे मला वाटते. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. वर्षभर ओझे वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात. ज्याने भार वाहिला, त्याचा खांदा कोठे दुखतो हे धन्याला ठाऊक असते.

तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेतील विसावा मला असा समजला आहे : भार उतरतोच असे नाही, परंतु तो एकट्याने ओढावा लागत नाही. दुसऱ्या बाजूस जो आहे, तो स्वतः थकलेला, रडलेला, आपल्याला का सोडले म्हणून देवाला हाक मारलेला आहे. ख्रिस्ती आशा त्याच्या पुनरुत्थानावर उभी आहे हे खरेच. पण पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवरील खिळ्यांचे व्रण नाहीसे झाले नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानानुसार थोमाने तेच पाहिले.

आता त्या बाईंविषयी सांगते. दुसऱ्या वर्षी त्या काही कागदपत्रांसाठी रुग्णालयात आल्या. त्यांनी मला ओळखले आणि विचारले, "शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?" खोटे सांगणे सोपे होते. मी म्हणाले, "बाई, मी बसते म्हणाले होते, पण मला जमलं नाही. क्षमा करा." मग मी मावशींना बोलावले. त्या रात्री मावशी त्याच वॉर्डात होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "मी होते, ताई. पाय गार पडले होते, म्हणून चोळत बसले होते. एकटे नव्हते ते." त्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मावशींचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्या ख्रिस्ती नाहीत आणि त्यांनी व्हावे असे आम्ही कोणी सुचविलेही नाही. त्यांच्या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर माझ्याजवळ आजही नाही. मात्र त्या रात्री होडीत कोण जागे होते, एवढे मला त्या दिवशी कळले.

गेथशेमाने बागेत येशूने आपल्या मित्रांकडे एवढीच मागणी केली होती : माझ्याबरोबर जागे राहा. मित्र झोपी गेले. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी याच मागणीला आपल्या कार्याचा पाया मानले. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झालेल्या त्या बाईंनी वेदना असह्य होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी औषध देण्याची पद्धत रूढ केली. वेदना शरीराची असते, तशीच मनाची, कुटुंबाची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकविले. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. औषध आणि प्रार्थना यांत तेथे भांडण नाही. आपल्या रुग्णालयातही ते कधी असू नये. श्रद्धेच्या नावाखाली उपचार टाळणे ही श्रद्धा नव्हे.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे मी नम्रपणे तीन विनंत्या ठेवते. निर्गमाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा आहे. तो विसावा केवळ घरधन्यासाठी नाही. दास, दासी, परका आणि गुरेढोरे यांनाही तो देण्यास सांगितले आहे. म्हणून पहिली विनंती अशी की, सलग रात्रपाळीनंतर परिचारिका, वॉर्डबॉय व मावशींना पुरेशी सुटी मिळावी. दुसरी, रात्री जिन्यावर बसणाऱ्या नातेवाइकांसाठी एक खोली असावी. तेथे पाठ टेकता यावी आणि गरम चहा मिळावा. तिसरी, कोणत्याही रुग्णाने एकट्याने प्राण सोडू नये, यासाठी त्याच्याजवळ कोणी बसावे हे कामाच्या वाटपातच लिहिलेले असावे. ते कोणाच्या चांगुलपणावर सोडू नये. माझा चांगुलपणा त्या रात्री अपुरा पडला, हे मी आपणांस सांगितलेच आहे.

आज आपल्या खाटांवर जे पडले आहेत, त्यांच्यापैकी काही बरे होऊन घरी जातील, काही जाणार नाहीत. आपल्यापैकी काही जणांना आज प्रार्थना करता येईल, काहींना येणार नाही. ज्यांना येते त्यांनी इतरांसाठी करावी. ज्यांना येत नाही त्यांनी त्या शेवटच्या बाकावर बसावे. तेथे जागा आहे, आणि मी अजूनही अधूनमधून तेथेच बसते.

कष्टी व भाराक्रांत जनांना बोलावणारा प्रभू आपणां सर्वांना आपल्या सोबतीचा विसावा देवो.