येनानच्या गुहा आणि नानीवानचा नांगर
(मलकापूर येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेले भाषण)

मलकापुराहून विशाळगडाला जाणारा इतिहासप्रेमी बाजीप्रभूंचे नाव मनात घेऊन गड चढतो आणि तेच घेऊन उतरतो. गडाला धान्य कोण पुरवीत होते, हे तो सहसा विचारीत नाही. चीनमधील येनानच्या यात्रेकरूंचेही असेच होते. टेकडीवरचा पॅगोडा, पिवळ्या मातीच्या कड्यांत कोरलेली घरे, माओंची खोली. एवढ्यावर क्रांतीचे दर्शन आटोपते. १९३७ ते १९४७ हे गाव चिनी कम्युनिस्ट पक्षाचे मुख्य ठाणे होते.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटनीस काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून फेब्रुवारी १९३९ मध्ये तेथे पोहोचले. जपानी बाँबवर्षावाने जुने गाव उद्ध्वस्त झाले होते. माणसे गुहांत राहत होती. पुढे आघाडीवरील बेथ्यून इस्पितळाचे ते प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिकडेच वारले. कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. चित्रपटात त्याग दिसतो; अर्थकारण दिसत नाही.

ते अर्थकारण बिकट होते. च्यांग कै-शेक सरकारने पैसा बंद केला, नाकेबंदी आवळली. सैन्य आणि कचेऱ्या यांचा सारा भार कोरडवाहू शेतकऱ्यावर आला. १९४१ चा धान्यसारा इतका जड झाला की गावोगाव कुरकुर सुरू झाली. तेव्हा वांग चेन यांची ३५९ वी ब्रिगेड नानीवानच्या ओसाड खोऱ्यात नांगर घेऊन उतरली. कचेरीतल्या मंडळींनी भाजी पिकविली, सूत कातले. (चरखा ही केवळ सेवाग्रामची मिरास नव्हती!) पुढच्या वर्षी सारा कमी करण्यात आला. शेतकऱ्याची कुरकुर ऐकून धोरण बदलणारा पक्ष, ही येनानची खरी थोरवी.

पण कुरकुर पक्षातूनच उठली तेव्हा? वांग शि-वेइ या लेखकाने मार्च १९४२ मध्ये पक्षाच्याच दैनिकात लिहिले की, समतेच्या या गावात जेवणाच्या व कपड्यांच्याही प्रती हुद्द्याप्रमाणे ठरतात. कोटनीस पक्षात दाखल झाले तेच हे वर्ष. नानीवानचे गुणगान करणाऱ्या कार्यकर्त्याने हे नाव वगळू नये. वांग यांच्यावर सभांतून आरोपांची झोड उठली, १९४३ मध्ये अटक झाली आणि १९४७ मध्ये, येनान सोडून माघार घेतल्यानंतर, त्यांना ठार करण्यात आले. ते निर्दोष होते असे सरकारने १९९१ मध्ये जाहीर केले.