जळक्या तेलांतील धातु



आमच्या परभणीच्या बाजूला दाराच्या चौकटीस वाळवी लागूं नये म्हणून ट्रॅक्टरचें जळकें तेल चोपडण्याची रीत आहे. माझ्याहि घरीं ती होती. लहान मुलें त्याच चौकटीला हात लावून मग तोंडांत घालतात, हें मला फार उशिरां सुचलें.

तेल जळतें म्हणजे नष्ट होतें, असा समज आहे. तो खरा नव्हे. मूळ तेल बहुतांशीं टिकून असतें. तें बिघडतें आंत मिसळणाऱ्या वस्तूंनीं. लायनरवर रिंगा घासून लोखंड आणि क्रोमियम झडतें. बेअरिंगांतून तांबें, शिसें, कथील येतें. नांगरटीच्या दिवसांत काळ्या रानाची धूळ इंजिनांत शिरली कीं ही झीज वाढते. जस्त मात्र बहुतेक झिजेचें नव्हे. झीज थांबावी म्हणून कारखान्यांतच तेलांत जें औषध घालतात, त्यांतील तें असतें. पेट्रोलमधून येणारें शिसें २००० सालीं देशभर बंद झालें, एवढें समाधान.

माझ्या धाकट्या बंधूनें एकदां असें तेल धोतराच्या चौपदरी फडक्यांतून गाळून विहिरीवरच्या इंजिनांत पुन्हां घातलें. जाड कीस वर राहिला. पण सूक्ष्म कण आणि तेलांत विरलेलीं धातूंचीं संयुगें फडकें कसें अडविणार? बेअरिंग खराब झालें. उरलेलें तेल त्यानें थारोळ्याशेजारीं ओतलें, आणि पहिल्या पावसानंतर विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग आला.

शुद्धीकरणाची पूर्वींची रीत गंधकाम्लाची. तिच्यांत आम्लयुक्त विषारी गाळ उरे. चांगली रीत निर्वात ऊर्ध्वपातनाची. महाबळेश्वरीं पाणी लवकर उकळतें, हें मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें. तेंच तत्त्व येथें आहे. दाब कमी केला कीं तेल न करपतां वाफरूप होतें, आणि धातु बहुतेक तळाच्या गाळांत राहतात. वाफ निवविली कीं वंगणाचें मूळ तेल परत मिळतें. भट्टींत जाळल्यास तेच धातु धुरांत व राखेंत जातात.

२०१६ च्या नियमांप्रमाणें शुद्धीकरणास द्यावयाच्या तेलांत शिसें दहा लाख भागांत १०० भागांपर्यंतच चालतें. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या शुद्धीकरणाची जबाबदारी तेल बाजारांत आणणाऱ्या कंपन्यांवरहि आली आहे. परंतु खेड्यांतलें पांच लिटर तेल कोण नेणार? भंगारवाला नेतो, पुढें कोठें, तें तो सांगत नाहीं.

बंधूनें आतां झाकणाचा डबा ठेवला आहे. त्यांत पाणी अथवा रॉकेल पडूं देत नाहीं. डबा भरला कीं तालुक्याला नेऊन, परवाना पाहून, मगच देतो.